लिंबाजीकाकांनी भिजवलेली लाख

हे लिहायचा मला अधिकार आहे का, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. या पुरवणीत आजवर ज्यांच्यावर लिहिलेलं मी वाचलं, ती माणसं मोठी होती आणि लिहिणारेही त्यांच्या घरातले, नाहीतर तीस-तीस वर्षांच्या ओळखीतले होते. लिंबाजीकाकांना मी जेमतेम सात आठवडे ओळखत होतो. त्यांचं घर मी पाहिलेलं नाही. ते माझ्या नात्यातले नव्हते, जातीतले नव्हते, गावचेही नव्हते. त्यांचं आडनावसुद्धा मला ते गेल्यानंतर कळलं. तेव्हा त्यांच्या घरच्यांनी, आणि ज्यांनी त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलं त्यांनी, मला माफ करावं. काही चुकीचं लिहून गेलो, तर ते माझ्या अपुऱ्या ओळखीमुळे असेल. तरीही लिहायला बसलो, कारण त्या सात आठवड्यांत त्यांनी मला एक काम शिकवलं, आणि ते काम कसं झालं हे त्यांना सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.

मी उस्मानपुऱ्यात राहतो, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील वाळूजला एका कंपनीच्या गेटवर असतात, आई मुलींच्या वसतिगृहात पोळ्या करते. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. दोन खोल्यांत अभ्यासाला जागा होत नाही, आणि ती आमच्या गल्लीत कुणाच्याच घरात होत नाही. म्हणून वस्तीतल्या लोकांनी विहाराच्या वरच्या हॉलमध्ये अभ्यासिका करायचं ठरवलं. हॉल रंगवून झाला, पंखे लागले, आणि मग एक टेबल आलं. शहरातल्या एका वकिलांचं जुनं घर पाडायचं होतं, त्यांच्या मुलानं ते देऊ केलं. आठ फूट लांब, अस्सल सागवान. आम्ही आठ जणांनी ते जिन्यावरून कसंबसं वर चढवलं. वरचं पॉलिश जागोजागी उडालेलं होतं, कपांचे गोल डाग होते, एका कोपऱ्यात शाई सांडलेली होती. वस्तीच्या मंडळाचं सगळं काम प्रकाशदादा बघतात, त्यांचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. ते म्हणाले, वरून सनमाइका मारून टाकू, ओल्या फडक्यानं पुसलं की झालं. बाकीच्यांनाही ते पटलं. मला काय झालं कुणास ठाऊक, मी उभा राहिलो आणि म्हणालो की लाकूड झाकू नका, मी याला पॉलिश करतो. मंडळाच्या बैठकीत मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. प्रकाशदादा थोडे हसले आणि म्हणाले, कॉलेजचा पोरगा म्हणतोय तर करू द्या.

पॉलिश कसं करतात हे मला माहीत नव्हतं. फोनवर दोन-तीन व्हिडिओ बघितले. सागवानाच्या अंगावर बारीक बारीक उघड्या रेषा असतात, त्या आधी भरून घ्याव्या लागतात, नाहीतर पॉलिश आत बसत जातं आणि पृष्ठभाग खडबडीतच राहतो, एवढं मला समजलं. व्हिडिओतला माणूस भरायचा मसाला तयार डब्यातून काढत होता. माझ्याकडे तो नव्हता, पण हॉलच्या कोपऱ्यात भिंतींना लावून उरलेल्या पुट्टीची अर्धी गोणी पडली होती. पुट्टी म्हणजे पुट्टी, असं मी धरून चाललो. पाण्यात कालवली, पत्र्यानं सगळ्या टेबलावर ओढली, वाळल्यावर काचकागदानं घासली. मग लाखेचा चपडा, म्हणजे पातळ वाळक्या कपच्या, आणि स्पिरिट आणलं आणि रंगाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात भिजत घातलं. मधे माझे चाचणीचे दोन पेपर होते. तिसऱ्या दिवशी डबा उघडला तर आतलं द्रावण जांभळट काळं झालेलं. ते तसंच असत असेल असं समजून मी ब्रशनं टेबलभर फिरवलं. वाळलं तेव्हा लाकडाची एकेक रेष पांढरी फटक दिसत होती आणि तिच्यावर मळकट ओघळ होते. टेबलावर पीठ सांडावं आणि वरून चहा ओतावा, तसं. प्रकाशदादांनी येऊन पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. परीक्षेच्या आधी अभ्यासिका उघडायची आहे, तोवर काही करता आलं तर बघ, नाहीतर सनमाइकावाल्याला सांगून ठेवतो, एवढंच शांतपणे बोलून ते खाली गेले.

ते पांढरं काढायला एखादं केमिकल मिळतं का हे विचारायला मी आमच्या भागातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. काउंटरच्या बाजूला एका स्टुलावर एक म्हातारे गृहस्थ चहा पीत बसले होते. तेच लिंबाजीकाका. अंगानं किडकिडीत, पायजम्यावर तपकिरी डाग, आणि दहाही बोटांची नखं मुळापर्यंत तपकिरी. दुकानदाराच्या आधी त्यांनीच विचारलं, कशाचं पांढरं? मी सांगितलं. कोणती पुट्टी, तर भिंतीची, असंही सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"भिताडाची?"

"हो."

"शेठ, ऐकलं का?" ते दुकानदाराकडे वळून म्हणाले. "सागवानाला भिताडाची पुट्टी. उद्या म्हशीला पावडर लावतील हे लोक."

दुकानातले सगळे हसले. काय करावं ते न सुचून मीही हसलो आणि निघालो. पायरी उतरत होतो तर मागून हाक आली, "ए कॉलेज." माझ्या पाठीवरच्या बॅगेवर कॉलेजचं नाव होतं. "कुठं हाय ते टेबल?"

विहाराशी आल्यावर त्यांनी चपला बाहेर काढल्या, खालच्या मूर्तीपुढे हात जोडून क्षणभर उभे राहिले, आणि जिना चढायच्या आधी मला हळूच विचारलं, मी वर आलो तर चालतं नव्हं? मी म्हणालो, चालतं की. जिन्यात ते दोनदा थांबले. टेबलाजवळ आल्यावर ते आधी त्याच्याभोवती एकदा फिरले. नखानं एक रेष कोरून बघितली, वाकून खालची बाजू बघितली, मग माझा पत्र्याचा डबा उचलून आत डोकावले. लाखेला लोखंड चालत नाही, काळी पडते, एवढंही तुझ्या त्या फोननं सांगितलं नाही का, असं त्यांनी विचारलं. हे नीट होईल का, आणि तुम्ही करून द्याल का, असं मी विचारलं, तर त्यांनी उजवा हात वर उचलून दाखवला. तो छातीच्या वर जात नव्हता.

"हा खांदा कामातून गेला. मी हात लावणार नाय. तू करायचं, मी बसतो."

लिंबाजीकाका पॉलिशच्या कामात होते, एवढं मला दुकानातच कळलं होतं. पुढं हळूहळू कळलं की खांदा गेल्यापासून घासायचं आणि लाखेचा बोळा फिरवायचं काम त्यांच्याकडून होत नव्हतं, पण शहरातले पॉलिशवाले लाख भिजवून घ्यायला आणि रेषांत भरायची माती कालवून घ्यायला अजून त्यांच्याकडेच येत. माती हा त्यांचाच शब्द. फिलर म्हटलेलं त्यांना आवडत नसे. ते मूळचे देवगाव रंगारीचे. चार भावांत थोडी जमीन, म्हणून सतराव्या वर्षी मामाच्या मागं शहरात आले आणि फर्निचरच्या दुकानांतून राहिले. शाळा सातवीपर्यंत. बायको वारली होती, मुलगा गावी शेती बघून टेम्पो चालवत होता. काका इथं एका खोलीत एकटे राहत. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलेलं नाही. रोज सकाळी साडेसहाला ते यायचे, प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे, आणि मी नऊला कॉलेजला जाईपर्यंतच्या वेळात कधी एखादं वाक्य बोलायचे.

पहिले सहा आठवडे नुसतं माझंच पाप धुण्यात गेले. आधी स्पिरिटनं वरचं काळं काढलं. मग पितळी ब्रशनं एकेका रेषेतली पुट्टी उकरून काढायची. रेषेच्या संगं चाल, आडवा गेलास तर लाकूड फाटंल, हे ते दिवसातून दहादा सांगायचे. दोन तासांत वीतभर जागा व्हायची. एकदा मी कंटाळून म्हणालो, थोडं राहिलं तर काय दिसणार आहे? ते म्हणाले, कुणाला दिसणार नाय, तुला दिसंल. तू इथंच बसून वाचणार ना?

मी इतिहास शिकतो हे कळल्यावर त्यांना फार गंमत वाटली होती. मेलेल्या राजांची नावं पाठ करून तुला कोण नोकरी देणार, असं ते अधूनमधून विचारत. मी काहीतरी उत्तर द्यायचो, ते मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. पण एकदा त्यांनी वेगळंच विचारलं. या टेबलावर तुम्ही पोरं नेमकं करणार काय? मी म्हणालो, वाचणार, लिहिणार. दिवसभर? हो, दिवसभर. त्यांनी खिडक्यांकडे बघितलं, उठून टेबलाच्या दोन्ही बाजूंना जाऊन बसून बघितलं. मग म्हणाले की याला आरशासारखी चमक द्यायची नाही, सकाळचा उजेड इकडून येतो, तो वाचणाऱ्याच्या डोळ्यावर उडेल. आणि रेषा मात्र पूर्ण भरल्या पाहिजेत. कागदाखाली पॅड न घेता लिहिलं तरी पेन अडकता कामा नये. तोपर्यंत मला टेबल फक्त सुंदर करायचं होतं. कुणीतरी त्यावर कागद ठेवून लिहिणार आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

लाकूड स्वच्छ झालं तेव्हा ते एका पिशवीतून चार पुड्या घेऊन आले. खडूची पूड, पिवळी माती, गेरू आणि काजळी. एका चिनी मातीच्या बशीत त्यांनी ते डाव्या हातानं जवसाच्या उकळलेल्या तेलात आणि थोड्या टर्पेंटाइनमध्ये कालवलं. माप असं काही नव्हतं. किती घट्ट, असं विचारलं तर म्हणाले, पिठल्यापेक्षा घट्ट, धपाट्याच्या पिठापेक्षा सैल. तुझी आई करती का धपाटे? मग तिला विचार. कालवलेलं त्यांनी टेबलाच्या खालच्या अंगाला बोटभर लावून बघायला सांगितलं, वर त्यांनी घरून आणलेली चमचाभर तयार लाख मी लावली, आणि आम्ही दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलो. ते लालसर निघालं. गेरू कमी केला. पुन्हा एक दिवस. मग ते जरा उजळ वाटलं. काजळी चिमटीनं वाढवली. असे तीन ठिपके तिथं आहेत. माती लाकडापेक्षा थोडी काळीच ठेवायची, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. लाख बसली की लाकूड गडद होतं, मग उजळ राहिलेली माती डोळ्यात खुपते, आणि गडद असली तर ती लाकडाचीच सावली वाटते.

माती भरायच्या दिवशी मी गोणपाटाच्या तुकड्यानं ती गोल गोल चोळत गेलो. वरचा ओलेपणा उडेपर्यंत थांबलो, आणि मग जादा माती पुसायला लागलो. सहा आठवडे रेषेच्या संगं चाल असंच ऐकलेलं असल्यामुळे पुसायलाही रेषेच्या संगंच गेलो. काका खुर्चीतून उठले. एरवी त्यांना उठायला वेळ लागायचा. माझ्या हातावर त्यांनी त्यांचा तो वर न जाणारा उजवा हात ठेवला आणि माझा हात वळवून आडवा केला.

"आता आडवं. संगं पुसलं तर भरलेलं सगळं ओढून बाहेर काढशील."

आमचे दोघांचे हात तसेच टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एकदा गेले. त्यांचा हात खरखरीत होता आणि फार हलका होता. सगळ्या कामात त्यांनी टेबलाला तेवढाच हात लावला, तोही माझ्या हातावरून.

त्याच दिवशी त्यांनी लाख भिजवली. घरून काचेची बरणी आण म्हणाले होते. आईनं लोणच्याची एक बरणी दिली, ती आता आपल्या स्वयंपाकघरात परत येणार नाही हे समजून दिली. त्यांनी चपडा कागदात गुंडाळून वाटीनं चेचला, बरणीत घातला, वर स्पिरिट ओतलं, तोंडाला फडकं बांधलं. लाकडी चमच्यानं दिवसातून दोनदा हलवायचं. तयार झाली का हे बघायला अंगठ्याच्या नखावर एक थेंब घ्यायचा आणि दुसऱ्या बोटानं टेकून बघत राहायचं. चिकटायचं थांबेपर्यंत किती वेळ लागतो, त्यावरून कळतं. घरून आणलेल्या तयार लाखेचा थेंब घेऊन त्यांनी ते दाखवलं; मनात काहीतरी मोजत होते, पण ओठ हलत नव्हते. मला त्यांनी मोजायला सांगितलं नाही, नुसतं बघ म्हणाले. त्यांची नखं तशी का आहेत हे मला त्या दिवशी समजलं.

तो शुक्रवार होता. निघताना ते म्हणाले की देवगावला जाऊन येतो, शेताची मोजणी आहे, भावाभावांचं आहे, गेलं पाहिजे. सोमवारी येतो. मी विचारलं, माती त्याआधी वाळली तर?

"वाळली तरी हात लावायचा नाय. लाखेचा पहिला हात मी आल्यावर. चुकला तर सगळं पुन्हा उकरावं लागंल, अन् तुला आता तेवढे दिवस नायत."

मी बरं म्हणालो. जिन्याच्या तोंडाशी थांबून ते म्हणाले, "अन् कॉलेज, मी नसताना टेबलावर पुस्तक ठेवलंस तर बघ." मग रोजच्यासारखेच एक हात भिंतीला लावून, तिरके तिरके, एकेक पायरी उतरत गेले असतील. मी वरून बघत नव्हतो. मी बरणी हलवत होतो. पायऱ्यांवरून उतरण्याचा आवाज तेवढा ऐकला.

सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारी फोन लावला, बंद होता. शेतात रेंज नसेल असं वाटलं. बुधवारी हार्डवेअरच्या दुकानात विचारलं, तर दुकानदार म्हणाला की गावी गेले की त्यांचं असंच असतं, येतील. मी रोज सकाळी साडेसहाला हॉल उघडायचो, बरणी हलवायचो, खुर्ची टेबलापासून जरा लांब नेहमीच्या जागी ठेवायचो आणि बसून राहायचो. माती वाळली होती. बोट फिरवलं तर बोटाला काही लागत नव्हतं. आठवडा गेला. पुढच्या रविवारी अभ्यासिका उघडायचं नक्की झालं होतं आणि सनमाइकावाला माप घ्यायला यायचा होता. गुरुवारी प्रकाशदादा वर आले, रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "पळाला वाटतं म्हातारा तुझा."

मी म्हणालो, "हो, तसंच दिसतंय."

हे वाक्य मी इथं लिहिलं नसतं तरी चाललं असतं. प्रकाशदादा ते विसरलेही असतील. पण काकांबद्दल लिहायचं आणि हे वगळायचं, तर मग बाकीचं लिहिण्यातही अर्थ नाही... मी ते नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं नव्हतं, मला तसं वाटत होतं. आधी मला हसले, मग मला कामाला लावलं, आणि ऐन वेळी सोडून गेले, असं मी त्या दहा दिवसांत मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

शुक्रवारी सकाळी सनमाइकावाला यायच्या आधी मी पहिला हात मारायला घेतला. लाख आईच्या जुन्या सुती साडीच्या फडक्यातून गाळली. नखावर थेंब घेतला. तो चिकटतच राहिला, फार वेळ. फडक्यातून स्पिरिट उडून लाख घट्ट झाली असेल, असं मला वाटलं, पण नक्की माहीत नव्हतं, आणि विचारायला कुणी नव्हतं. थोडं स्पिरिट घातलं, हलवलं, पुन्हा थेंब. पुन्हा थोडं. चौथ्या वेळी नखावरचा थेंब त्यांच्या नखावर सुकला होता तितक्याच वेळात सुकला, असं मला वाटलं. कापसाचा बोळा फडक्यात बांधला, लाखेत बुडवून पिळला, आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मधे न थांबता ओढला. थांबलास तर तिथं वळ राहील, हे ते आधी कधीतरी बोलून गेले होते. लाकूड गडद होत गेलं. मी प्रत्येक रेषेकडे बघत होतो. पांढरं कुठं आलं नाही. माती दिसतच नव्हती, नुसतं लाकूड दिसत होतं. मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. ते येऊन यात काय चूक काढतील तेवढंच डोक्यात होतं.

माप घ्यायला आलेला माणूस टेबलाभोवती फिरला आणि याच्यावर सनमाइका कशाला मारता, असं त्यानंच विचारलं. प्रकाशदादांनी हात फिरवून पाहिला आणि त्याला चहा पाजून परत पाठवलं. रविवारपर्यंत मी अजून तीन हात दिले, आणि शेवटी अगदी बारीक काचकागदाला थेंबभर तेल लावून वरची चमक मारून मंद केली, सकाळच्या उजेडासाठी. उद्घाटनाला बरीच माणसं आली. कुणीतरी कौतुकानं ओल्या फुलांचा हार टेबलावर आडवा ठेवला, तो मी लगेच उचलला. लाखेवर पाणी राहिलं तर पांढरा डाग पडतो. लोकांना ते विचित्र वाटलं. आईनं टेबलाला हात लावला आणि बरणीचं काय झालं ते विचारलं नाही.

अभ्यासिका सुरू झाली. पोरं-पोरी सकाळपासून येऊ लागली. मीही बसायचो. कागदाखाली काही न घेता लिहायचो. पेन कुठंच अडकत नव्हतं. काकांचा नंबर मी परत लावला नाही. त्यांनी लावावा असं मला वाटत होतं.

त्यानंतरच्या गुरुवारी, अकराच्या सुमाराला, मी टेबलाशीच बसलो होतो. फोन थरथरला आणि त्यावर लिंबाजीकाका असं नाव आलं. मी उचलला नाही. थोडी वाट बघू दे त्यांनाही, असं मनात आलं. पुन्हा वाजला, तोही मी वाजू दिला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा फोन घेऊन जिन्यात गेलो. इतके दिवस जे बोलायचं जुळवून ठेवलं होतं, ते मी पलीकडचा आवाज ऐकायच्या आधीच एका दमात बोलून टाकलं. म्हणालो, "काका, किती दिवस वाट बघायची? पहिला हात मीच मारला शेवटी. पांढरं कुठंच नाही. चमक पण मारली, तुम्ही म्हणाला होतात तशी. या आता, आणि काय नावं ठेवायची ती ठेवा."

पलीकडे कुठंतरी टेम्पो चालू होता, तो कुणीतरी बंद केला. मग एक तरुण आवाज आला. काकांच्या आवाजासारखाच, फक्त त्यात दम लागलेला नव्हता.

"मी त्यांचा मुलगा बोलतोय, देवगावहून. बाबांच्या फोनात हा नंबर 'टेबल' म्हणून हाय. फोन इतके दिवस तसाच बंद पडून होता, आज चालू केला. ज्यांची कामं राहिलीत त्यांना कळवायलोय. तुमचं काही राहिलं असंल तर दुसरा माणूस बघा. बाबा वारले. शुक्रवारी रात्री इकडं आले, अन् शनिवारी सकाळीच..."